संगणकाच्या स्मृतीची गळती

सन १९९२ च्या नोव्हेंबर महिन्याची चौथी तारीख. रात्रीचे २ नुकतेच वाजून गेले होते. लंडन शहराच्या वॉटर्लू भागांत तेथील रुग्णवाहिका-विभागाचें मुख्य ठाणें होतें, आणि त्या ठाण्याच्या नियंत्रणकक्षांत रात्रपाळीचीं माणसें आपापल्या पडद्यांसमोर बसलीं होतीं. हा विभाग लहानसहान नव्हता. सुमारें ६०० चौरस मैलांचा प्रदेश, ६८ लाखांची वस्ती आणि दिवसाकाठीं २,००० ते २,५०० दूरध्वनि, असा त्याचा त्या काळचा व्याप होता. कोणाची छाती दुखूं लागली, कोणी जिन्यावरून पडला, कोठें मोटारींची टक्कर झाली, कीं हांक येथें यावयाची. आणि जवळची मोकळी गाडी कोणती तें पाहून ती येथूनच रवाना व्हावयाची. त्या रात्रीं या कामांतील संगणकयंत्रणा प्रथम मंदावली आणि थोड्याच वेळांत अजिबात थांबली.

समोरचें यंत्र बंद करून पुन्हां सुरू करण्याचा नेहमींचा उपाय झाला. त्यानें कांहीं साधलें नाहीं. मुख्य संगणक थकला तर त्याचें ओझें दुसऱ्या राखीव संगणकानें उचलावें, अशी योजना होती. त्यानेंहि तें उचललें नाहीं. ज्या हांका आधींच नोंदल्या गेल्या होत्या त्यांचे तपशील कागदावर छापून निघेनात. अखेर माणसांनीं कागद, पेन्सिल आणि दूरध्वनि हातीं घेतले व काम पुढें चालविलें. मध्यरात्र उलटून गेलेली असल्यामुळें हांकांची गर्दी नव्हती, म्हणून मोठा गोंधळ टळला. हाच प्रसंग सायंकाळच्या वेळीं ओढवता तर काय झालें असतें, याचा विचार ज्याचा त्यानें करावा.

या घटनेला थोडी पूर्वपीठिका आहे. नऊच दिवस आधीं, २६ ऑक्टोबर रोजीं, विभागानें कागदाला रजा देऊन सारा कारभार नव्या संगणकयंत्रणेवर सोंपविला होता. दोन दिवसांत त्या प्रयोगाचा बोजवारा उडाला. कोणती गाडी कोठें आहे याविषयींची यंत्रणेची माहिती चुकूं लागली. एकाच ठिकाणीं दोन गाड्या पोंचत, तर दुसरीकडे रोगी वाट पाहत राही. २८ तारखेस विभागाच्या मुख्याधिकाऱ्यांनीं राजीनामा दिला. बोजवारा उडाल्यावर एक मधला मार्ग काढण्यांत आला होता: हांक संगणकानें नोंदावी, तपशील कागदावर छापावा, आणि गाडी कोणती पाठवावयाची तें माणसांनीं ठरवावें. हा मधला मार्ग जेमतेम आठवडाभर चालला असेल-नसेल तोंच चौथ्या तारखेची ती रात्र आली. इतक्या बदनाम झालेल्या यंत्रणेविषयीं शंका यावयाची ती कांहीं मोठ्या कारणाचीच येणार. परंतु १९९३ च्या फेब्रुवारींत चौकशीचा अहवाल प्रसिद्ध झाला तेव्हां या विशिष्ट रात्रीचें कारण अगदींच क्षुल्लक निघालें. सुमारें तीन आठवड्यांपूर्वीं यंत्रणेंत कांहीं दुरुस्ती करतांना एका प्रोग्रामरच्या हातून थोडासा मजकूर चुकून आंत राहून गेला होता. यंत्रणेनें एखादी गाडी रवाना केली, कीं तो मजकूर मुख्य संगणकाची थोडीशी स्मृति वापरावयास घेई आणि ती परत करीत नसे. एका वेळीं जाणारी जागा नगण्य. पण तीन आठवडे गाड्या जात राहिल्या, आणि एके रात्रीं शिल्लक कांहींच उरलें नाहीं.

या दोषाला संगणकशास्त्रांत स्मृतीची गळती असें नांव आहे. तो काय आहे हें समजण्यास फार मोठें यंत्रज्ञान लागत नाहीं.

संगणकाजवळ सांठवणीच्या जागा दोन. एक कायमची, तींत ठेवलेलें वीज गेली तरी राहतें. दुसरी कामापुरती, शाळेंतल्या पाटीसारखी. लिहावें, पुसावें, पुन्हां लिहावें, आणि वीज गेली कीं पाटी कोरी. या दुसरीलाच सामान्यतः मेमरी किंवा स्मृति म्हणतात. ती वेगवान असते, परंतु मोजकी असते, आणि एकाच वेळीं चालणाऱ्या अनेक प्रोग्रामांना ती वांटून घ्यावी लागते. म्हणून तिच्यावर एक कोठीवाला बसविलेला असतो. लग्नकार्यासाठीं देवस्थानचीं मोठीं भांडीं देण्याची चाल पुष्कळ गांवीं होती. तेथल्या कोठीवाल्यासारखाच हा. प्रोग्रामनें जागा मागितली, कीं हा आपल्या वहींत ती दिल्याची नोंद करतो आणि मागणाऱ्याच्या हातीं एक चिठ्ठी देतो: अमक्या खणापासून अमक्या खणापर्यंतची जागा तुमची. काम झालें म्हणजे चिठ्ठी परत आणावी. नोंद खोडली जाते आणि ती जागा दुसऱ्यास देण्यास मोकळी होते. कोठीवाल्याचा एकच विशेष लक्षांत ठेवण्यासारखा आहे. तो कधीं तगादा लावीत नाहीं. भांडें चार वर्षें परत आलें नाहीं तरी तो विचारीत नाहीं, कारण तें वापरांत आहे कीं माळ्यावर पडलें आहे हें त्याला कळावयास मार्ग नसतो.

आतां समजा कीं प्रोग्रामनें चिठ्ठी घेतली, काम उरकलें, आणि चिठ्ठी हरवली. जागा जेथल्या तेथें आहे. ती कोणी वापरीत नाहीं, कोणास वापरतां येत नाहीं, आणि वहींत मात्र ती दिलेली म्हणून मांडलेली आहे. गळती ती हीच. नांव थोडें फसवें आहे असें म्हणावें लागेल. गळक्या घागरींतून पाणी बाहेर जातें, तसें येथें बाहेर कांहींच जात नाहीं; उलट घर अडगळीनें भरत जातें आणि शेवटीं घरधन्याला उभें राहण्यास जागा उरत नाहीं.

एक प्रश्न येथें सहज उद्भवतो. घरांतील संगणक किंवा हातांतील फोन मंद झाला म्हणजे बंद करून पुन्हां सुरू करावा असें जो तो सांगतो, आणि त्यानें गुण येतोहि, तो कां? याचें कारण असें कीं एखादा प्रोग्राम संपला, कीं त्याच्या नांवावरील सर्व नोंदी कोठीवाला एका रेघेनें खोडून टाकतो; चिठ्ठ्या हरवलेल्या असोत वा नसोत. म्हणून जो प्रोग्राम दोन मिनिटें चालून संपतो त्याची गळती कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं. खरा धोका जे कधीं संपत नाहींत त्यांच्यापाशीं: पेढीचा संगणक, रुग्णालयाचा संगणक, टपाल पोंचविणारे, पत्ते सांगणारे, रात्रंदिवस जागे राहणारे सर्व्हर. जेथें बंद करून चालत नाहीं तेथेंच हा रोग वाढतो.

चिठ्ठी हरवते कशी, हें पाहण्यासारखें आहे. प्रोग्रामर मंडळी सरळ वाटेनें जातांना सहसा विसरत नाहींत. जागा घ्या, काम करा, जागा परत द्या, हा क्रम त्यांच्या बोटांत मुरलेला असतो. चूक होते ती आडवाटेला. काम चालू असतां मधेंच कांहीं बिघडतें. आलेला संदेश वेडावांकडा असतो, मागितलेली फाईल सांपडत नाहीं, पलीकडचें यंत्र उत्तर देत नाहीं. अशा वेळीं प्रोग्राम काम अर्धवट टाकून मागें फिरतो, आणि मागें फिरतांना हातांतील चिठ्ठी परत करण्याचें राहून जातें. पाहुणे अर्ध्या पंगतींतून उठले म्हणजे भांडीं मोजण्याचें भान कोणास राहतें? आणि या आडवाटा क्वचितच चालल्या जातात, म्हणून चाचणींतहि त्या क्वचितच येतात.

येथवर ही केवळ निष्काळजीपणाची गोष्ट झाली. परंतु हीच आडवाट एखाद्या दुष्टाला ठाऊक झाली, तर ती त्याच्या हातांतील शस्त्र होते. २०१४ सालचें उदाहरण या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. इंटरनेटवर दोन यंत्रांमधील संभाषण गुप्त राहावें यासाठीं ओपन-एस्-एस्-एल् नांवाचें एक सॉफ्टवेअर जगभर वापरण्यांत येतें. त्याच्या कर्त्यांनीं त्या वर्षाच्या ऑक्टोबरांत आपले कांहीं दोष स्वतःच जाहीर केले, त्यांत दोन गळत्या होत्या. पहिली अशी: पूर्वींची ओळख दाखविण्यासाठीं ग्राहकाकडून एक प्रकारचें तिकीट सर्व्हरकडे येतें, सर्व्हर तें खरें कीं खोटें हें तपासतो, खोटें ठरलें कीं तें नाकारतो. नाकारण्याचें काम बिनचूक होत असे. पण नाकारतांना तपासणीसाठीं घेतलेली जागा परत करण्याचें राहत असे. म्हणजे ज्यानें खरें तिकीट आणलें त्याच्यापासून सर्व्हरला कांहीं अपाय नाहीं. ज्यानें हजारों खोटीं तिकिटें पाठविलीं त्यानें एकाहि तिकिटावर आंत न शिरतां घर भरून टाकावें! दारावरचा पहारेकरी प्रत्येक चोराला परत लावतो, आणि प्रत्येक वेळीं दारांत एक वीट ठेवतो. शेवटीं दारच बुजतें.

दुसरी गळती एका विशिष्ट प्रकारच्या प्रारंभिक संदेशांत होती. मुद्दाम रचलेल्या अशा एका संदेशानें ६४ किलोबाइटपर्यंत जागा अडकून पडे. हिशेब सोपा आहे. १ गिगाबाइट स्मृतींत ६४ किलोबाइटचे १६,३८४ तुकडे मावतात. सर्व्हरजवळ १६ गिगाबाइट मोकळी स्मृति असली तर २,६२,१४४ संदेश पुरे झाले. आणि सेकंदास १०० संदेश, या संगणकाच्या दृष्टीनें रेंगाळत्या गतीनें ते आले, तरी पाऊण तासाच्या आंत सर्व्हर गुदमरतो. चोरी नाहीं, मोडतोड नाहीं. केवळ सेवा बंद. अशा हल्ल्याला सेवानकाराचा हल्ला असें म्हणतां येईल. दोन्हीं दोषांची दुरुस्ती दोष जाहीर झाले त्याच वेळीं उपलब्ध करून देण्यांत आली. ज्यांनीं ती वेळेवर बसविली ते सुटले.

याच सॉफ्टवेअरमधील आणखी एक दोष त्याच वर्षाच्या एप्रिलांत हार्टब्लीड या नांवानें गाजला होता, आणि पुष्कळांची तेथें गल्लत होते. तो प्रकार निराळा. त्यांत जागा अडकत नसे. जागेंतला मजकूरच बाहेर जात असे. विचारणाऱ्यानें शब्द थोडे पाठवावे, ते पुष्कळ आहेत अशी बतावणी करावी, आणि सर्व्हरनें खात्री न करतां आपल्या स्मृतींतील पुढचा मजकूर, एका वेळीं ६४ किलोबाइटपर्यंत, भाबडेपणानें परत धाडावा. मग त्यांत कोणाचे संकेतशब्द असोत कीं गुप्त किल्ल्या असोत. एकीकडे भांडें अडकतें, दुसरीकडे भांड्यांतलें सांडतें.

गळती बाहेरच्या शत्रूवांचून केवढा अनर्थ करते याचा दुसरा दाखला २०१२ सालचा आहे. २२ ऑक्टोबर रोजीं अमेरिकेंतील व्हर्जिनिया राज्यांत ॲमेझॉन कंपनीच्या भाड्यानें देण्याच्या सांठवण-सर्व्हरांपैकीं अनेक अडखळले, आणि त्यांवर अवलंबून असलेलीं रेडिटसारखीं लोकप्रिय संकेतस्थळें बंद पडलीं. कंपनीनें मागाहून दिलेला खुलासा मोठा बोधप्रद आहे. प्रत्येक सांठवण-सर्व्हरवर एक लहानसा प्रोग्राम देखरेखीची माहिती गोळा करून दुसरीकडे पाठवीत असे. हें काम दुय्यम. माहिती उशिरा गेली किंवा गेलीच नाहीं तरी कांहीं अडत नसे. माहिती घेणारा एक संगणक बिघडला, म्हणून त्याच्या जागीं नवा बसविला आणि नवा पत्ता कळविला. तो पत्ता सर्व ठिकाणीं पोंचला नाहीं. ज्यांच्याकडे पोंचला नाहीं ते प्रोग्राम गेलेल्या यंत्राचें दार वाजवीत बसले, आणि प्रत्येक खेपेस थोडी थोडी स्मृति गिळीत गेले. काम बिनमहत्त्वाचें, म्हणून तें होत नाहीं याची कोणी दखल घेतली नाहीं. स्मृतीवर नजर होती. परंतु हे सर्व्हर मोकळी स्मृति एरवींहि तात्पुरत्या सांठ्यासाठीं भरूनच ठेवीत, त्यामुळें भरलेली कोठी पाहून कोणी चकित झालें नाहीं. महत्त्वाच्या कामावर शंभर डोळे असतात; घर बुडालें तें ज्याच्याकडे कोणी पाहत नव्हतें त्या कामामुळें.

आतां उपायांकडे वळावें. जुन्या घरांतून भांड्यांवर नांव घालण्याची रीत आहे. शेजारच्या कार्यांत वाटी गेली तरी नांवावरून घरीं येते. स्मृतीच्या बाबतींतहि पहिला आणि सर्वांत मोठा उपाय हाच: घेतलेल्या प्रत्येक जागेचा धनी कोण हें आधीं ठरलेलें असावें, आणि परत करण्याची जबाबदारी त्या एकट्याची असावी. दोघांची जबाबदारी म्हणजे कोणाचीच नव्हे. किंवा त्याहून वाईट, दोघेहि परत करतात. आणि एकदां परत केलेली जागा पुन्हां परत करणें हा गळतीपेक्षां भयंकर दोष आहे, कारण मध्यंतरीं ती दुसऱ्या कोणाला दिलेली असते.

डेनिस रिची यांनीं १९७० नंतरच्या पहिल्या वर्षांत बेल प्रयोगशाळेंत रचलेल्या सी भाषेंत ही सारी जबाबदारी लिहिणाऱ्यावर असते. तींत मॅलॉक म्हटलें कीं जागा मिळते, फ्री म्हटलें कीं परत जाते, आणि मधल्या काळांत भाषा कांहीं विचारीत नाहीं. या भाषेंत लिहिणारे जुने जाणते एक शिस्त पाळतात: काम बिघडो वा साधो, बाहेर पडण्याचा दरवाजा एकच ठेवावयाचा, आणि त्या दरवाज्यापाशीं सर्व चिठ्ठ्या परत करावयाच्या. लिनक्सच्या गाभ्याच्या लेखननियमांत यासाठीं गोटू या आज्ञेचा उपयोग मान्य केलेला आहे. याच आज्ञेवर एड्सगर डाइक्स्ट्रा या विद्वानानें १९६८ सालीं कडक टीका केली होती आणि पुढें ती आज्ञा शिष्टसंमत मंडळींत जवळजवळ बहिष्कृत झाली. पण आडवाटेवरच्या माणसाला दरवाज्यापर्यंत नेण्यास तीच उपयोगी पडावी, हा योग गमतीचा खरा. सी-प्लस-प्लस या पुढच्या भाषेंत जागा एखाद्या वस्तूच्या स्वाधीन करतां येते, आणि त्या वस्तूचें काम संपतांक्षणीं जागा आपोआप परत जाते. मग बाहेर पडण्याच्या वाटा दहा असल्या तरी चालतात. २०१५ सालीं ज्या रस्ट भाषेची पहिली पक्की आवृत्ति निघाली तिनें तर नांव घालण्याची रीत हाच व्याकरणाचा नियम केला आहे: प्रत्येक वस्तूला एक धनी असलाच पाहिजे, नाहींतर प्रोग्राम तयारच होत नाहीं.

दुसरा मार्ग, परत करण्याचें काम माणसाकडून काढून घेण्याचा. जॉन मॅकार्थी यांनीं १९५९ च्या सुमारास लिस्प भाषेसाठीं ही युक्ति काढली. एक झाडूवाला अधूनमधून फिरतो. कोणाच्या हातीं कोणत्या चिठ्ठ्या आहेत हें पाहतो. आणि जिची चिठ्ठी कोणाकडेच नाहीं ती जागा मोकळी करतो. जावा, पायथन इत्यादि आजच्या पुष्कळ भाषा या ना त्या प्रकारें याच वाटेनें जातात. परंतु म्हणून त्यांत गळती नाहीं असा समज कोणी करून घेऊं नये. झाडूवाला हरवलेल्या चिठ्ठीवरून ओळखतो. जी चिठ्ठी कोणी खिशांत जपून ठेवली आणि पुन्हां कधीं पाहिली नाहीं, तिला तो हात लावीत नाहीं. ग्राहक येतो तेव्हां त्याचें नांव यादींत घालावें, आणि तो गेल्यावर काढण्याचें विसरावें. यादी वाढतच जाते, झाडूवाला तिच्यासमोरून नम्रपणें निघून जातो. रस्ट भाषेंतहि दोन वस्तूंनीं एकमेकींस धरून ठेवलें तर दोघी अडकून राहूं शकतात.

म्हणून भाषा कितीहि चांगली असली तरी परीक्षा चुकत नाहीं. व्हॅलग्रिंडसारखीं साधनें प्रोग्रामच्या शेजारीं बसून प्रत्येक घेतलें-दिलेलें मांडतात आणि शेवटीं न आलेल्या जागा कोणत्या ओळींत घेतल्या होत्या तें सांगतात. मात्र प्रोग्राम ज्या वाटेनें गेलाच नाहीं त्या वाटेवरची गळती त्यांस दिसणार नाहीं. यासाठीं परीक्षकानें मुद्दाम चुकीचे संदेश द्यावे, खोटीं तिकिटें द्यावीं, पलीकडचें यंत्र बंद करून ठेवावें. आणि हें तासभर नव्हे, दिवसचे दिवस चालवावें. स्मृति किती वापरली, यापेक्षां काम ओसरल्यावर ती मूळ पातळीवर परत येते कीं नाहीं, हें पाहावें. रोज पहांटे कालच्या पहांटेपेक्षां थोडी अधिक भरलेली दिसली, तर कोठें तरी चिठ्ठ्या हरवत आहेत हें निश्चित समजावें. ॲमेझॉननें आपल्या अपघातानंतर असेंच केलें: प्रत्येक प्रोग्रामच्या स्मृतीवर स्वतंत्र पहारा ठेवण्याचें ठरविलें, आणि दुय्यम प्रोग्रामांस अमुक मर्यादेपलीकडे स्मृति घेतांच येऊं नये असें बंधन घालण्याचें ठरविलें. या बंधनानें गळती थांबत नाहीं. परंतु जो गळतो तो एकटा पडतो, घर पडत नाहीं.

लंडनच्या अहवालांत या सर्वांपैकीं दोन गोष्टी ठळक आहेत. ती चूक नेहमींच्या चाचण्यांत सांपडली असती असें चौकशी करणाऱ्यांना वाटलें नाहीं. पण ती घडावयास नको होती, आणि निष्काळजीपणा व बदललेल्या मजकुराच्या तपासणीचा अभाव हें तिचें मूळ, असें त्यांनीं स्वच्छ लिहिलें. राखीव संगणकाविषयींहि त्यांनीं लिहिलें आहे. काम उचलण्याची त्याची व्यवस्था पूर्णपणें कागदविरहित पद्धतीसाठीं केलेली होती आणि त्या पद्धतीसाठींच तपासलेली होती. मधल्या मार्गासाठीं, म्हणजे छापील कागदाच्या जोडीनें चालणाऱ्या पद्धतीसाठीं, ती व्यवस्था कधीं बसविलीच नव्हती. चौथ्या नोव्हेंबरच्या पहांटे तो संगणक शेजारींच उभा होता, त्याची स्मृति बहुधा मोकळी होती, आणि त्याला कोणी हांक मारीत नव्हतें. त्यानंतर लंडनच्या हांका माणसांच्या हातानें कागदावर उतरूं लागल्या; विभागाची नवी संगणकयंत्रणा कामास लागली ती १९९६ सालीं, आणि या खेपेस ती एकदम न आणतां टप्प्याटप्प्यानें आणण्यांत आली.